आठ जणांचं टेबल

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जेवायला एकच टेबल होतं, आठ जणांचं. रिवाज असा, की आठही डबे उघडल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. कागद कापायचं मशीन माझ्याकडे, ते बंद करून येईपर्यंत सगळे खोळंबायचे. "या काका, भाजी म्हातारी झाली!" डिंक लावणारा ओरडायचा. त्याला आम्ही डिंक्याच म्हणायचो.

बायको गेली आणि माझ्या डब्यात पाव आणि उकडलेला बटाटा येऊ लागला. मग सगळ्यांचे हात माझ्या झाकणाकडे वळायचे. कोणाची भाजी, कोणाचं अंडं. देणारे मायेनंच देत होते, पण माझ्या घशाखाली उतरेना. एका सोमवारी मी डबा घेऊन मशीनपाशीच बसलो. शिवणाऱ्या मावशी बोलवायला आल्या, तर म्हणालो, "माझा डबा, माझी मर्जी." एक माणूस उठला म्हणून काय होणार होतं?

आठवड्यात डिंक्या मोबाइल घेऊन खिडकीत बसला. मग घड्या घालणारे दोघे भाऊ जिन्यात गेले. बाकीचे तिघेही पांगले, आणि दोन महिन्यांत टेबलाशी एकट्या मावशी उरल्या.

मालक म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. असंच रिकामं राहिलं, तर तिथे गठ्ठे रचू."

घरी बोलायला भिंती होत्या. टेबल आहे, मनात आलं की परत जाता येईल, या भरवशावरच तर मी लांब बसलो होतो.

डिंक्याला विनवलं. "काका, माझ्या एकट्यावाचून काय अडलंय?"

भावांकडे गेलो. थोरला म्हणाला, "आमचा डबा, आमची मर्जी." धाकटा फिदीफिदी हसला.

शनिवारी मी टेबलाशी जाऊन बसलो. डबा उघडला आणि सवयीनं थांबलो. मावशी आज आपल्या मशीनपाशीच जेवत होत्या.

"मावशी, या ना. वाट बघतोय."

"जेवा हो तुम्ही. मी दोन महिने बघितली." आवाजात राग नव्हता. "आता मला इथंच बरं वाटतं."

हमालानं पहिला गठ्ठा माझ्या डब्याशेजारी ठेवला. दुसरा आणला.

"काका, डबा उचलता का जरा?"

"थांब," मी म्हटलं. "सगळे यायचेत अजून."

त्यानं रिकाम्या बाकांकडे पाहिलं, आणि तिसरा गठ्ठा आणायला गेला.