साडेआठची मालिका आणि बँडवाल्याचा कोट

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोघींच्या नवऱ्यांची मिळून एक लाँड्री. दुकानामागे थोरलीचा संसार, माडीवर धाकटीचा. मागच्या बाजूला दोघे भाऊ धुणार, पुढच्या खोलीत दोघी जावा समोरासमोर उभ्या राहून इस्त्री करणार. हात लांब केला तर एकीचा पदर दुसरीच्या हाताला लागेल एवढी ती खोली, आणि तेवढ्या खोलीत या दोघींचा तीन वर्षं अबोला. आता बोला!

कारण म्हणाल तर एक कोट. बँडवाल्याचा, पांढराशुभ्र, खांद्यांवर सोनेरी झालर. कोट अवजड, म्हणून दोघी एकाच टेबलावर त्याच्याशी झटत होत्या, आळीपाळीने इस्त्री फिरवत होत्या. जेवायला उठल्या आणि परत येऊन बघतात तो काय, कोटाच्या पाठीवर इस्त्री बसलेली आणि धूर निघतोय. "तू ठेवलीस," थोरली म्हणाली. "शेवटचा हात तुमचा होता," धाकटी म्हणाली. खरं कुणाला ठाऊक? दोघींनाही आठवत नव्हतं, आणि आठवत नसलं की माणूस दुप्पट मोठ्याने बोलतो. "तुला मेलीला कशाचं भान म्हणून नाही!" "आणि तुमचं कधी चुकतच नाही! देवाघरूनच इस्त्री होऊन आलात ना तुम्ही!" शब्दाने शब्द वाढला. बँडवाल्याची समजूत दोघा भावांनी कशीबशी काढली, या दोघींची कोण काढणार? तोवर धाकटी थोरलीला 'ताई' म्हणायची. उठता ताई, बसता ताई. त्या दिवसापासून तिच्या तोंडून ते गेलं ते गेलंच. थोरलीने वरवर म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. आत मात्र तिला ते फार लागलं होतं.

मग आठवडाभर दुकानात नुसती वाफ फुसफुसत होती. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं. "कुणाला तरी सांगा, त्या शर्टाची कॉलर राहिलीय." भिंत बिचारी दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

फोडला तो अबोला मालिकेने. दोघी साडेआठची मालिका बघायच्या, एक खाली, एक वर. एक मोठा बंगला, जिन्यावरून पडून बेशुद्ध झालेला म्हातारा मालक, आणि त्याचे दोन मुलगे, मोठा डॉक्टर आणि धाकटा वकील. डॉक्टर म्हणे वकिलाने ढकललं, वकील म्हणे डॉक्टरने. एका सकाळी धाकटी चादरीची घडी घालता घालता चादरीलाच म्हणाली, "काल वकिलाने बरा पकडला त्या डॉक्टरला!" थोरलीने स्वतःचा अपमान आठवडाभर पचवला होता, पण डॉक्टरचा? "वकील गेला खड्ड्यात! डॉक्टर तसला माणूसच नाही!" "मग त्या रात्री जिन्यात काय करत होता?" "पाणी प्यायला उठला होता, दाखवलं नाही का!"

झालं. तेव्हापासून मालिकेवर बोलायची मुभा. मालिका म्हणजे घरातली गोष्ट नव्हे, तेव्हा ते बोलणं धरायचं नाही, असं दोघींनी न ठरवताच ठरवलं. साडेआठला बघायचं आणि सकाळी कीस पाडायचा. मोठे कानातले घालणारी कारस्थानी मावशी, वकिलाची रडवी बायको, डॉक्टरचा तो पडेल चेहऱ्याचा मित्र, कुणाला म्हणून सोडायच्या नाहीत. थोरलीचा नवरा मागून ओरडायचा, "यांचा कोट जळला, त्यांचा बाप पडला! फरक एवढाच, तिकडे मध्ये जाहिराती लागतात!" त्यावर दोघी एका सुरात खेकसायच्या, "तुम्ही धुणं बघा!" तेवढ्यापुरती एकी.

आणि खरं सांगायचं तर, मालिकेच्या आडून त्या सगळंच बोलून घ्यायच्या. धाकटी एकदा अंगात ताप घेऊन कामाला उभी राहिली, तर थोरली वकिलाच्या बायकोवर घसरली. "अंगात ताप आणि उभी राहते कामाला! कुणाला दाखवायचंय एवढं शहाणपण? गुमान जाऊन पडावं की नाही माणसाने?" वकिलाच्या बायकोला त्या आठवड्यात शिंकसुद्धा आली नव्हती. धाकटीने मुकाट्याने इस्त्री बंद केली आणि वर जाऊन झोपली. पुढे थोरलीची लेक लग्न होऊन लांब गेली. थोरली चार दिवस खालमानेने इस्त्री करत होती, तेव्हा धाकटी म्हणाली, "त्या मावशीने एकदा मोकळेपणी रडून घ्यावं. कोण हसतंय तिला?" थोरली मोरीत गेली आणि नळ सोडून पोटभर रडली.

आणि एका रात्री पडद्याच्या तळाशी पट्टी सरकली: शेवटचा आठवडा.

नवरा म्हणाला, "चला, सुटलो एकदाचे." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. मालिका संपली तर सकाळी बोलायचं काय? परत ती भिंत? नुसत्या विचाराने तिला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी तिने खडा टाकून पाहिला. "नऊची बरी असते म्हणतात."

"छे!" धाकटी म्हणाली. "तिच्यात जो तो पुनर्जन्म घेतो. मेलेलं माणूस मेलेलं राहील तर शपथ!"

थोरलीला खट्टू व्हायला झालं. हिला काहीच वाटत नाही का? मग आपणच कशाला मरायचं? पण इस्त्री फिरवता फिरवता ती मनात एक साधं वाक्य घोळवून बघायची. भाजी काय केलीस? एवढंच. जगातली कुठलीही बाई कुठल्याही बाईला विचारते. ते ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. मान आडवा यायचा. शिवाय हिने उत्तरच दिलं नाही तर? मग तर कायमचंच तुटलं.

शेवटचा भाग झाला. सकाळी थोरली दुकानात आली तीच तणतणत. धाकटी आधीच उभी होती.

"सपात!" थोरली म्हणाली.

"सपात!" धाकटीने हात जोडले. "म्हातारा शुद्धीवर येतो आणि सांगतो काय, पायातली सपात निसटली! कुणी ढकललंच नाही म्हणे!"

"चार वर्षं झुलवलं मेल्यांनी!"

"वकिलाच्या मुलीच्या लग्नाला सख्खा काका आला नाही हो! कशापायी? सपातेपायी!"

"आणि शेवटी ती मिठी. पाऊण मिनिट नुसते रडतायत. असं कुठे होतं का?"

"कुठेच होत नाही," धाकटी म्हणाली.

आणि मग बोलणं संपलं. मालिकेचं जे काही होतं ते एवढंच. थोरलीने शर्ट उचलला, पसरला, बाहीवर पाणी शिंपडलं. तिला वाटलं, झालं, आता हेच आयुष्यभर.

दुसरा शर्ट पसरता पसरता धाकटी म्हणाली, "मला एक कळत नाही. आज सकाळी ते दोघे काय बोलले असतील?"

"कोण?"

"डॉक्टर आणि वकील. मिठी-बिठी ठीक आहे. पण सकाळी उठून चहाला समोरासमोर बसल्यावर? बोलायची सवयच गेली असणार."

थोरलीचा हात मंदावला. "बोलतील काहीतरी. काय जेवलास, झोप लागली का. लोक काय बोलतात?"

"पण आधी कुणी बोलायचं?"

"कुणीही."

"नाही," धाकटी म्हणाली. तिची नजर खालच्या कपड्यावरच होती. "आधी मोठ्या भावाने बोलायचं. धाकट्याला भीती वाटते. मोठा परत भिंतीकडे तोंड करेल, अशी."

वकील आणि डॉक्टर कधी भिंतीशी बोलले नव्हते. चार वर्षांत एकदाही नाही. थोरलीने सगळे भाग बघितले होते.

तिने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. वायर ओढून काढली, आणि निघाली ना हे एकदा वाकून बघून घेतलं. घसा खाकरला.

"भाजी काय केलीस गं?"

धाकटीने आपलीही इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि शर्ट उचलून छातीशी धरला.

"भोपळा," धाकटी म्हणाली. "आणि पार खारट झालाय, ताई. रात्रभर झोप नाही, हात कुठे, मीठ कुठे..." आणि ती हातातल्या कुणाच्या तरी कडक इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून रडायला लागली.

"अगं, गिऱ्हाइकाचा शर्ट तो!" थोरली म्हणाली, आणि तिचेही डोळे वाहायला लागले. "वेडी कुठली. आण तो भोपळा खाली. एक बटाटा टाकू, मीठ ओढून घेईल. आणि आजपासून दुपारी खालीच जेव. वर एकटी काय बसतेस!"

"ताई, तो कोट पण..."

"कोट मरू दे!"

आवाज ऐकून थोरलीचा नवरा ओल्या हातांनीच बाहेर आला. दोघी एकाच टेबलाशी उभ्या, दोघींची नाकं लाल, आणि इस्त्र्या बंद. बिचारा घाबरला. "काय झालं? मालिकेचं काही झालं का? म्हाताऱ्याला ढकललं कुणी शेवटी?"

थोरलीने पदराने नाक पुसलं, मग त्याच पदराने धाकटीचं पुसलं.

"कुणी नाही हो," ती म्हणाली. "सपात निसटली."