रुख्मिणीबाईंच्या भेदराचा पिपा

हो, मीच बोलतोय. गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बघा. एका अंगाने चेपलेला, बुडाशी गंजलेला चौकोनी पिपा दिसतो ना, तो मी. माझ्यात माती आहे आणि मातीत एक वाळलेली काडी. तिला हात लावू नका. या घरातली दोन माणसं तिला अजून पाणी घालतात.

माझा जन्म अकोल्याचा. कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, पोटात सरकीचं तेल भरलं आणि मला अमरावतीच्या ट्रकवर चढवलं. तेल संपल्यावर दुकानदाराने मला बाहेर फेकलं, तिथून रुख्मिणीबाईंनी घरी आणलं. आधी माझ्यात गहू राहिला, मग तुरीची डाळ. झाकण हरवलं तेव्हा वाटलं, आता आपण भंगारात. पण बाईंनी खिळा घेऊन माझ्या बुडाला भोकं पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? मग आत माती आणि शेणखत पडलं, आणि काही दिवसांनी माझ्या पोटात काहीतरी जिवंत हललं. एवढा आनंद मला तेलानेही दिला नव्हता.

ते होतं भेदर. तुम्ही त्याला टोमॅटो म्हणत असाल, इकडे भेदर म्हणतात. बाईंचं बी अंजनगाव सुर्जीचं, त्यांच्या माहेरच्या भाजीच्या वाडीतलं. फळ चपटं, खाचाखाचांचं, पातळ सालीचं. त्याची चटणी केली की शेजारणी वाटी घेऊन यायच्या. दरवर्षी एक चांगलं फळ बाई झाडावरच पिकू द्यायच्या, त्याचं बी राखेत कालवून गोवरीला थापायच्या आणि पुढच्या साली तेच लावायच्या. हे बी कोणत्याच दुकानात मिळत नव्हतं. बाईंकडे होतं तेवढंच.

आता या घराची रीत सांगतो. बाईंचे मालक खुशालराव आणि सून प्रणाली एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं हो. मान होता, आणि मानाची सवय झाली होती. खुशालराव ओसरीतून म्हणायचे, "चाय झाला का, विचार तिले." प्रणाली स्वयंपाकघरातून म्हणायची, "मांडलाच हाय म्हना." मध्ये बाई. चार पावलांवरचा चहासुद्धा बाईंच्या तोंडून फिरून जायचा. तेव्हा मला हसू यायचं.

दिवाळीनंतर बाई गेल्या. आजारपणाच्या वर्षात त्यांना बी धरता आलं नव्हतं. जाण्याआधी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "भेदराचं बी बुडू देऊ नका." सुनेलाही तेच सांगितलं, पण वेगळ्या वेळी, ती एकटी उशाशी बसली असताना. मुलगा गजेंद्र बडनेऱ्याला रेल्वेत. पाळीची ड्यूटी, घरी आला की झोप. त्याला भेदराचं काय?

माघात खुशालरावांनी जुन्या गोवरीचं बी खरवडून माझ्यात पेरलं. बी म्हातारं झालेलं. एकच रोप वर आलं. तेही असं वाढलं, की मी मनात म्हटलं, बाई, तुमचं बी वाचलं.

खुशालरावांचा जन्म तुरीच्या वावरात गेला. तूर गुडघ्यावर आली की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फुटवे फुटतात आणि शेंगा भरतात, हे त्यांच्या बोटांना पाठ. एका सकाळी ते गच्चीवर आले, रोपाकडे कौतुकाने पाहिलं आणि शेंडा टचकन खुडला. "आता भर बापा," असं म्हणून मला थोपटून गेले.

प्रणाली यायची संध्याकाळी. तिने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला होता. कुंडीतल्या टोमॅटोचं एकच खोड वाढू द्यायचं, पानांच्या बगलेतली फूट दिसली की काढायची, खालची पानं छाटायची. तिने सगळं मन लावून केलं. शेंडा खुडलेला तिने पाहिला. तिला वाटलं, वानराने खाल्ला. सासऱ्यांच्या जिवाला लागेल म्हणून ती गप्प राहिली आणि माझ्याभोवती जुन्या साडीचा आडोसा बांधला.

इकडे खुशालराव रोज सकाळी फुटवे शोधायचे. सापडायचे नाहीत. त्यांनाही वाटलं, वानरच. सून हिरमुसेल म्हणून तेही गप्प राहिले. एकमेकांच्या मायेनेच दोघांनी त्या रोपाचा जीव घेतला. सकाळी शेंडा नाही, संध्याकाळी फूट नाही. झाडाने वाढावं कुठून? मी आतून ओरडत होतो, पण पत्र्याचं ओरडणं कोण ऐकतं?

एक फळ मात्र धरलं होतं. चपटं, खाचांचं, अगदी बाईंचं. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं आणि वर सावलीला पानच नव्हतं. हिरव्या फळावर पांढरा चट्टा पडला, मग तो मऊ झाला.

त्या संध्याकाळी प्रणाली उरलीसुरली फूट खुडत होती आणि खुशालराव जिना चढून आले. तिने ओढणी डोक्यावर घेतली. त्यांनी सवयीने मागे वळून पाहिलं, निरोप कुणाकडे द्यावा म्हणून. मागे कुणी नव्हतं.

"काहून खुडून राहिली माय?"

लग्नापासून पहिल्यांदा ते तिच्याशी बोलले.

"मोबाईलवर सांगतलं मामाजी, बगलंतली फूट ठेवाची नाई म्हनून. शेंडा तं वानरानं नेला."

"वानरानं नाई. म्या खुडला. फुटवे येतील म्हनून."

तिच्या हातातली फूट गळून खाली पडली. मग ती रडत म्हणाली, "आत्याबाई असत्या तं तुमचं मले सांगतलं असतं, अन् माहं तुमाले."

खुशालरावांनी मान हलवली. भिंतीला हात टेकत टेकत ते खाली उतरून गेले.

फळ तिसऱ्या दिवशी गळलं. प्रणालीने ते चिरलं. बी पांढरं, पातळ, न भरलेलं. तरी तिने ते राखेत कालवलं, गोवरीला थापलं आणि मृगात माझ्यात पेरलं. काही उगवलं नाही. उगवणार नव्हतंच. अंजनगावच्या त्या वाडीत आता घरं झाली आहेत. ते भेदर संपलं.

आणि ते बोलणंही संपलं. मला वाटलं होतं, बी गेलं तर गेलं, निदान दोघांना वाचा तरी फुटली. पण दोघांनाही एकमेकांकडे पाहिलं की तेच झाड दिसतं. आता चहा न विचारताच ओसरीत ठेवला जातो आणि न बोलताच प्यायला जातो.

परवा गजेंद्र मला भंगारात द्यायला निघाला. "राहू दे," ओसरीतून खुशालराव म्हणाले. "राहू द्या," स्वयंपाकघरातून प्रणाली म्हणाली. दोघंही गजेंद्रशी बोलले.

सकाळी ते पाणी घालतात, संध्याकाळी ती घालते. पाणी गंजलेल्या बुडातून गच्चीवर वाहून जातं. मला तोंड असतं तर विनवलं असतं, की बाबांनो, माझ्यात आता काही नाही. पाणी घालू नका. खाली जा, समोरासमोर बसा आणि चहात साखर कमी आहे एवढं तरी एकमेकांना सांगा. पण या घराचं तोंड रुख्मिणीबाई होत्या. मी नुसता पिपा.