एकाच बाजूचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता, तसा. तुम्ही मला पॅड म्हणता. आमचे सर पुठ्ठा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे, आणि त्या चिमट्यात गेली दहा-अकरा वर्षे एक पत्र अडकून होते. सरांनी त्याला उत्तर दिले नव्हते. ते विसरले होते असे नाही. ते घाबरले होते.

हे सगळे मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंका आहे. माझे आयुष्य सरांच्या मांडीवर गेले. त्यांच्या शंका माझ्यातही मुरल्या असाव्यात.

लाकडाचा भुसा ओला करून, दाबून, वाळवून मला केले. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका दुकानात मी टांगलेला होतो. एके दिवशी सिद्धराम नावाचा एक बुजरा मुलगा आला. त्याला एम.ए.च्या परीक्षेसाठी पुठ्ठा हवा होता.

"कशाची परीक्षा हाय?" दुकानदाराने विचारले.

"तत्त्वज्ञान. धर्माचे तत्त्वज्ञान."

"अन् त्यानं पुढं काय होतंय?"

मुलगा लाल झाला. मला घेऊन तो भराभर चालू लागला. तेच आमचे सर.

त्यांनी पुढे पीएच.डी. केली. विषय असा होता: देव दयाळू आहे आणि सगळे त्याच्या हातात आहे, तर मग जगात एवढे दुःख का? सगळा प्रबंध त्यांनी माझ्यावरच लिहिला. टेबलाशी बसले की त्यांना दडपण यायचे. भिंतीला पाठ लावून, गुडघे वर घेऊन, त्यावर मला टेकवून ते लिहीत.

त्यांची लिहिण्याची एक रीत होती. ती तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. आपल्या जुन्या पंडितांमध्ये असे होते की, जे मत खोडायचे, ते आधी आपणच मांडायचे. तेही पडेल आवाजात नाही, तर ते मत मानणाऱ्यालाही जमणार नाही इतके चांगले. याला पूर्वपक्ष म्हणतात. मग त्याचे खंडन करून आपले म्हणणे मांडायचे, तो उत्तरपक्ष. सर कागदाला मधोमध घडी घालत. डावीकडे पूर्वपक्ष, उजवीकडे उत्तरपक्ष. डावी बाजू नेहमी काठोकाठ भरे. उजवीकडे दोन ओळी झाल्या की पेन थांबायचे. "हे मी कशावरून म्हणतो?" असे सर स्वतःशी पुटपुटत आणि उजवी बाजू पांढरीच राहायची. लातूरच्या कॉलेजातली पोरे म्हणत, "सरांचा उत्तरपक्ष आज रजेवर हाय."

सर वर्गावर जायला निघाले की मला त्यांच्या बोटांतून भीती कळायची. समोर हिंदू, मुसलमान, बौद्ध, लिंगायत, सगळ्या घरांतली मुले. कोणाच्या देवाबद्दल एक शब्द कमी-जास्त झाला तर? म्हणून ते उदाहरणे लांबची घेत. दुःखाच्या प्रश्नावर त्यांचे ठरलेले उदाहरण होते, अडीचशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगाल देशातल्या लिस्बन शहराचे. सणाचा दिवस, लोक प्रार्थनेला जमलेले, आणि भूकंप. देवाने असे का होऊ दिले, यावर युरोपातल्या विद्वानांनी कसा वाद घातला, ते सर रंगवून सांगत.

मग त्र्याण्णव साली किल्लारीचा भूकंप झाला. मातीतून माणसे काढली गेली. त्या भागातली मुले आमच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसू लागली. मी वाट पाहत होतो. पण सरांनी लिस्बनच सांगितले. किल्लारी हा शब्द माझ्यावरच्या कागदावर कधी उमटला नाही. 'कि' लिहिले की पेन उचलले जायचे.

पुढे सर नांदेडला विद्यापीठात आले. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना शिरूर अनंतपाळच्या व्याख्यानमालेत त्यांना बोलावणे आले. विषय होता 'देव आणि दुःख'. मी त्यांच्या हातात होतो. मागे बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सरांनी पुन्हा लिस्बनच सांगितले. टाळ्या झाल्या. आणि आठवड्याभरात ते पत्र आले.

शाळेच्या वहीचे पान होते. अक्षर लहान मुलीचे होते, पण बोलणे मोठ्या बाईचे.

"सर, नमस्कार. मी साखराबाई. लिवनार माझी नात तनुजा, सहावीत हाय. तुमी शिरूरला सांगितलं, सनाच्या दिशी लांबच्या गावात भूकंप झाला. आमचाबी सनाच्याच रातीला झाला. अनंत चतुर्दशी होती. दर साली मी अनंताचा दोरा बांधायची, चौदा गाठीचा. त्या साली तान्ह्या लेकराला ताप होता. दिवसभर त्याला घेऊन दवाखान्यात बसले, दोरा बांधायचा राहिला. पहाटं घर पडलं. लेकरू गेलं, सासू गेली. थोरली लेक मामाकडं होती म्हनून वाचली. मी राहिले. जाऊ म्हनली, तू अनंत मोडला म्हनून झालं. तुमी देवाधर्माचं शिकलेले. माझ्यामुळं झालं का? हाव का न्हाई, तेवढं कळवा."

सरांनी पत्र वाचले आणि माझ्या चिमट्यात लावले. रोज ते उत्तर लिहायला बसत आणि स्वतःशी पुटपुटत. देव असे करत नाही म्हणावे, तर देव काय करतो हे मला कुठे ठाऊक आहे? देवच नाही म्हणावे, तर त्या बाईजवळ उरलेले तेवढेही काढून घेतल्यासारखे होईल. जमिनीच्या पोटातल्या हालचाली सांगाव्यात, तर त्या तिला सरकारी माणसांनी केव्हाच सांगितल्या असतील. कागदामागून कागद लागत गेले. पत्र खाली खाली जात राहिले. माझा चिमटा घट्ट आहे, मित्रांनो. आपण एका बाईचे तोंड दाबून धरले आहे, असे वाटून मला धडकी भरायची.

निवृत्तीच्या समारंभात सरांना शाल मिळाली. एक वक्ते म्हणाले, "सरांनी उभ्या आयुष्यात कोणाचंही मन दुखावलं नाही." सरांनी मान खाली घातली. मला ते पत्र जळत्या कोळशासारखे वाटले.

त्यानंतर मी कपाटावर गेलो. वर धूळ, पाठीमागे कसर. दिवाळीची झाडलोट आली की माझा जीव मुठीत असे. सरांच्या पत्नी शिवकांताबाई मला दोन बोटांनी उचलून विचारत, "अहो, ह्याला रद्दीत देऊ का?" सर घाईने म्हणत, "राहू द्या, राहू द्या." पण चिमटा उघडून खालचा कागद पाहायचे धाडस त्यांना झाले नाही.

यंदा एके दुपारी दाराची कडी वाजली. दारात एक तरुण मुलगी उभी होती. तिला सातवा महिना असावा.

"सिद्धराम सरांचं घर हेच का? मी साखराबाईची नात. तनुजा. ते पत्र मीच लिवलं होतं."

सर जागेवरून उठले आणि आत निघून गेले.

"बस गं माय, असं उभी नको राहू," शिवकांताबाई म्हणाल्या. "ते तसेच हायेत. पाहुणा आला की आत पळतेत. आमच्या लग्नातबी मांडवातून दोनदा आत गेलते."

तनुजा हसली. पाणी प्याली. थोड्या वेळाने सर बाहेर आले आणि त्यांनी मला कपाटावरून काढले.

"पोचलं होतं का ते?" तिने विचारले.

"पोचलं होतं."

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला वाटले. मग ती सांगू लागली. लग्न होऊन ती नांदेडला आली होती. बाळंतपणाला गावी जायचे होते, आजीकडेच, कारण ती आजीजवळ वाढली होती. "पन आजी रात्री कधी माझ्याजवळ झोपली न्हाई, सर. पावसाळा असो का थंडी, अंगनात पत्र्याखाली. म्हनायची, माझ्या शेजारी लेकरू नको. आता तर म्हनती, तू यायच्या आधीच मी मुखेडला बहिनीकडं जाते. तुझं बाळ मोठं झाल्यावर येईन. पिशवी भरून ठिवली हाय. ही अमावास्या झाली की निघनार."

"तू तिला सांग ना, माझ्या वतीने. फोनवर."

"मी इतकी वर्षं तेच सांगत आले, सर. ती म्हनती, तुझा जीव हाय माझ्यावर, तू तसंच म्हनशील. तुमच्या उत्तराची मातर वाट बघती. अजून पोस्टमन दिसला की उठून उभी राहती."

सर भिंतीला पाठ लावून बसले. मला गुडघ्यांवर घेतले. कित्येक वर्षांनी माझ्यावर कोरा कागद लागला. ते पुष्कळ वेळ लिहीत होते. तीन पाने झाली. सरांच्या कपाळावरचा घाम माझ्यावर टपकला. त्यांनी ती पाने तनुजाला दिली. ती मोठ्याने वाचू लागली.

"'क्षणभर असे मानू, की देव कोपतो आणि व्रत मोडणाऱ्याला शिक्षा करतो...'" ती थांबली. "सर, आजी इथंच उठंल."

"तो पूर्वपक्ष आहे. आधी तो मांडायचा असतो. पुढे त्याचे खंडन केले आहे, तिसऱ्या पानावर."

"तिसऱ्या पानापर्यंत ती मुखेडला पोचलेली असंल."

शिवकांताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू आले होते की रडू, ते मला खालून दिसले नाही. सरांनी ती पाने परत घेतली. त्यांचा अंगठा पहिल्या ओळीवर होता. ही ओळ जर तशीच पाकिटात गेली असती! त्यांनी पाने फाडली.

"पण नुसते 'नाही' कसे लिहू?" ते म्हणाले. "ते सिद्ध कसे करू?"

"सिद्ध तुमच्या नावातच हाय की," शिवकांताबाई म्हणाल्या. "खाली सही करा. बास झालं."

सरांनी नवा कागद लावला. घडी घातली नाही. डावी बाजू नाही, उजवी नाही, नुसता एक कागद. पेन इतका वेळ माझ्यावर टेकून राहिले की तिथे शाईचा ठिपका पडला. मग एकेक शब्द दाबून, माझ्या पाठीपर्यंत जाणवेल असा, त्यांनी लिहिला.

"साखराबाई, नमस्कार. न्हाई. तुमच्यामुळे झाले नाही. तापलेल्या लेकराला घेऊन तुम्ही दवाखान्यात बसलात, तेच आईचे काम होते. दोरा राहिला म्हणून भिंत पडली नाही. तुमचा काही दोष नाही. तनुजाच्या बाळाला मांडीवर घ्या."

पूर्णविराम दिला आणि पेन पुन्हा कागदावर टेकले. सवयीने. त्यांनी 'प' लिहिला. मी गोठलो. मला माहीत होते, तो 'परंतु'चा 'प' होता. आयुष्यभर त्यांचे प्रत्येक वाक्य त्या शब्दावर येऊन वळले होते. आता खोडावा, तर साखराबाई म्हणणार, काय खोडलं? काय लपवलं माझ्यापासून? तनुजा पेनाच्या टोकाकडे बघत होती. मग पेन हलले. 'प'च्या पुढे 'त्रा' आला. "पत्राला उत्तर द्यायला फार उशीर केला. त्याची क्षमा करा." खाली सही आली: सिद्धराम.

सरांनी ते पत्र तनुजाच्या हातात द्यायला पुढे केले. ती मागे सरकली.

"माझ्या हातून नको, सर. म्हनंल, तूच लिवलंस. टपालानंच येऊ द्या."

मित्रांनो, तुमच्या पुठ्ठ्याच्या चिमट्यात काय काय असते, ते मधूनमधून उलटून बघत जा. माझी पाठ मोडली, कोपरे फुगले, तरी चालेल, तेवढे मी सोसतो. पण 'माझं चुकलं का?' असे कोणी भीत भीत विचारले असेल, तर तो कागद खाली जाऊ देऊ नका. तुम्हाला सगळे कळेपर्यंत थांबू नका. सगळे तर आमच्या सरांनाही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मला घेऊन पोस्टात गेले. अमावास्या दोन दिवसांवर होती. रिक्षात त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. रांगेत उभे राहून त्यांनी माझ्यावरच पत्ता लिहिला: साखराबाईंचे नाव, गावाचे नाव, मग पेन अडखळले आणि पुढे, संपूर्ण, 'किल्लारीजवळ'.

खिडकीतल्या माणसाने पाकीट हातात तोलले.

"स्पीड पोस्ट का? आत काय हाय, काका?"

"पत्र."

"नुसतं पत्र?" त्याने चष्म्यावरून बघितले. "रोज कागदपत्रं असतेत, ऑफिसची असतेत. नुसतं पत्र लई दिवसांनी आलं."

"उद्यापर्यंत पोचेल ना?"

"पोचंल उद्या-परवा. घरी मानूस भेटलं न्हाई तर वापस येईल."

"भेटेल," सर म्हणाले. "ती उभीच असेल."

त्या माणसाने पावती फाडली. सरांनी एकदम खिडकीत हात घातला. "जरा थांबा, एक शब्द..."

"आता कसला शब्द, काका?" त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकले. "गेलं ते."