जगण्याची जागा

डॉक्टर एल्झेने सोनाबाईच्या टाचेत रुतलेला माशाचा काटा चिमट्याने ओढून काढला आणि जखमेवर औषधाचा बोळा दाबला.

"आता दुकत नाय गो," म्हणत सोनाबाई पायरी उतरली.

तिचा मुलगा कमळाकर मास्तर मात्र उठेना. चाचरत त्याने विचारलं, "डॉक्टरीणबाई, जर्मन लोक म्हणतात ते लेबेन्सराउम म्हणजे नेमकं काय हो? शनिवारी वाचनालयात माझं त्यावर व्याख्यान आहे."

साल एकेचाळीस. जर्मनीने निम्मा युरोप गिळला होता आणि पनवेलच्या वाचणाऱ्या मंडळींना त्याचं छुपं कौतुक होतं. कमळाकरलाही होतं. एल्झे ज्यू. तीन वर्षांपूर्वी तिथून जीव घेऊन निघाली आणि इथल्या ज्यूंच्या इस्राएल आळीत भाड्याच्या दोन खोल्यांत घर आणि दवाखाना थाटून बसली.

हात धूत ती म्हणाली, "लेबेन म्हणजे जगणं. राउम म्हणजे जागा. एक पंडित होता, आधी प्राण्यांचा अभ्यास करायचा, मग भूगोलाकडे वळला. झाडाला, पाखराला जगायला किती जागा लागते, हा त्याचा प्रश्न. माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे. मुलांना रानात नेऊन शेवाळ कुठे, किती जागेत वाढतं ते दाखवायचे."

"मग?"

"मग लोकांनी झाडाच्या जागी राष्ट्र घातलं. आपल्या राष्ट्राला जागा हवी, म्हणून दुसऱ्यांची घ्यायची. वडिलांचाच एक विद्यार्थी सरकारी कागद घेऊन दारात आला. घर रिकामं करा म्हणाला. वडिलांनी विचारलं, आम्ही कुठे जायचं? त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. ते लिहिलेलं नव्हतं."

तिने टॉवेलची घडी घातली. "आता वडिलांना लिहिलेली माझी पत्रं परत येतात."

शनिवारी कमळाकरने यातलं काही गाळलं नाही. शेवाळ सांगितलं, कागदही सांगितला.

आभार मानायला अध्यक्ष उठले. "मास्तरांनी शब्द अगदी सोपा करून सांगितला. आता आपल्या वाचनालयाचंच बघा, जागा पुरत नाही. इस्राएल आळीतलं ते डॉक्टरीणबाईंचं घर मोक्याचं आहे. मालकाच्या कानावर घालून ठेवलंय. बाई काय, एकटा जीव. कुठेही राहील."

टाळ्या पडल्या.

"अहो, पण बाईंना..." कमळाकर उभा राहिला. तोवर चहा आला होता आणि बाकं सरकू लागली होती.

तो तसाच आळीत गेला. एल्झे स्टोव्हवर सुया उकळत होती.

"किती माणसं होती?"

"चाळीसेक."

"समजलं त्यांना?"

कमळाकर उंबऱ्याच्या आत आला नाही.

"समजलं," तो म्हणाला.