सासूबाईंचा अंगठा

बेटाने जिथे समुद्राला कुशीत घेतलंय, तिथे काठावरच आमचं दुकान आहे. मी तिथे डायव्हिंग शिकवते. सासूबाईंच्या भाषेत, "लोकांना पाण्यात ढकलते आणि वर पगार घेते." त्या राहतात थोरल्या दिरांकडे, समुद्रापलीकडे. गेल्या महिन्यात आमच्याकडे आल्या त्या डॉक्टरांची चिठ्ठी नाचवतच. "बघ, लिहून दिलंय, खोल पाण्यात जायला हरकत नाही. आता शिकव."

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून थोरल्या घरात त्यांना काचेच्या बरणीसारखं जपत होते. जिना चढू नका, बादली उचलू नका, एकट्या कुठे जाऊ नका. "बसून बसून मला बुरशी यायची वेळ आली," त्या म्हणाल्या. "परीक्षा पास झाल्यावर तू लोकांना ते कार्ड देतेस ना, ते मला हवंय. त्या सगळ्यांपुढे टेबलावर आपटायला."

मी द्यायला तयारच होते, पण फुकट नाही. शिकवताना मी कुणाची सून नसते. आणि त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. बाकी सगळं जमलं. पण पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा आणि नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं, तिथे गाडी अडायची. दर वेळी घाबरून वर यायच्या, खोकून खोकून लाल व्हायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा."

आज शेवटची संधी होती. उद्या सकाळी त्यांची बोट. आणि मला नेमकी सर्दी झालेली. सर्दीत कानातला दाब सुटत नाही, पडदा फाटू शकतो. असं गिऱ्हाईक आलं तर मी त्याला दारातूनच पिटाळते. पण दुकानात आज शिकवणारी मी एकटी, आणि सासूबाई पहाटेपासून पोहण्याच्या कपड्यांत तयार. मी मूग गिळून बसले.

"शिंकलीस का गं?" वजनांचा पट्टा आवळता आवळता त्यांनी विचारलं.

"धूळ गेली नाकात. चला, आई."

पाठीवर सिलिंडर, पायाखाली गुळगुळीत गोटे आणि समोरून लाटा. एकमेकींचे दंड धरून आम्ही खुरडत खुरडत कमरेइतक्या पाण्यात पोचलो, तिथे खांद्याला खांदा टेकून पायांत वल्ह्यांसारखे फिन्स चढवले. मी नियम पुन्हा बजावला, "अंगठा वर केला की दोघींनी वर यायचं. कुणीही करू दे. कारण नंतर विचारायचं."

"पाठ झालंय मला. चल आता, नाहीतर इथेच म्हातारी होईन."

वाळूच्या उतारावरून आम्ही खाली सरकलो. थोडं खाली गेलो नाही तोच माझ्या डाव्या कानात कळ आली. नाक दाबून कानात हवा ढकलली, दाब सुटेना. जरा वर सरकले, पुन्हा ढकलली, पुन्हा खाली. कळ वाढतच गेली. खालची सपाट वाळू दिसत होती. तिथे टेकायचं, यांनी मास्क काढून घालायचा, संपलं. तेवढं सोसायचंच, असं मी स्वतःला दटावत होते.

तेवढ्यात सासूबाई थांबल्या. वळून माझ्यासमोर आल्या, काचेतून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि अंगठा वर केला.

मी मान हलवली, खाली बोट दाखवलं. त्यांनी अंगठा माझ्या मास्कला जवळजवळ टेकवला. नियम माझाच होता. आम्ही वर आलो.

पाय टेकल्याबरोबर माझा पारा चढला. "शेवटची वेळ होती, आई! मास्क काढायच्या आधीच घाबरलात?"

"मी कशाला घाबरू?" त्यांनी मास्क गळ्यात ओढला. "तूच म्हणतेस ना, सतत जोडीदारावर लक्ष ठेवायचं. ठेवलं. सारखी नाक दाबत होतीस. कान दुखतोय ना?"

मला त्यांच्याकडे बघवेना. कसाबसा हुंकार भरला.

"मग बोलायचं नाही का, मुली?"

आणि मला रडू फुटलं, ऐन लाटांमध्ये. ज्या कार्डासाठी ही बाई महिनाभर खारं पाणी पीत होती, त्यावर तिने माझ्या कानापायी पाणी सोडलं होतं. एकदा वाटलं, देऊन टाकावं, कोण विचारतंय? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "कार्ड नाही देता येणार, आई. मास्क राहिलाय."

"दिलं असतंस तर तुझ्याच अंगावर फेकलं असतं."

डॉक्टरांनी मला आठवडाभर पाण्याजवळ फिरकायचं नाही म्हणून सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवरूनच सासूबाईंनी थोरल्या दिरांना फोन लावला आणि बोट रद्द करायला सांगितली. दिरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अगं आई, त्या दोघांची कामं असतात. तिथे तुला सांभाळणार कोण?"

"मला कशाला सांभाळायला हवं?" सासूबाई कडाडल्या. "मी सुनेला सांभाळतेय. तिचा कान बरा झाला की मास्क काढणार, मग येणार!"