टाका सोडते म्हणे!

मित्रांनो, मी जुनी आहे हे आधीच सांगून टाकते. अंगावरचा हा हिरवा रंग बघून फसू नका, तो गेल्या वर्षीचा आहे. मी स्वतः तीस वर्षांची, कारखान्यातली शिलाई मशीन आहे. कोपऱ्यात फुलाफुलांचा रुमाल पांघरून बसणाऱ्या घरच्या मशीनशी माझी गल्लत करू नका, मला राग येतो. माझं टेबल वेगळं, मोटर वेगळी, आणि वेग म्हणाल तर तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत माझे पन्नास टाके पडून झालेले असतात.

शर्टांच्या कारखान्यात मी रांगेतली सातवी होते. सोळा वर्षं मी फक्त कॉलर शिवल्या. बाह्या शेजारणीकडे, खिसे पलीकडे. अख्खा शर्ट असतो तरी कसा, हे मी पहिल्यांदा बघितलं ते साहेबांच्या अंगावर!

माझ्यावर एक बाई बसायच्या. सगळे त्यांना कॉलरवाल्या बाई म्हणायचे. माझ्या डोक्यावर काचेची एक छोटी गोल खिडकी आहे. पोटात तेल असलं आणि मी चालायला लागले, की त्या काचेआड तेल उडताना दिसतं. बाई रोज सकाळी आधी ती काच पुसायच्या, मग स्वतःचा चष्मा. म्हणायच्या, "लोक डोळ्यात तेल घालून काम करतात. माझ्या या बाईच्या तर खरंच डोळ्यात तेल लागतं!" सोळा वर्षं हाच विनोद. मला दर वेळी हसू यायचं.

मग त्या निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी काच पुसली आणि चष्मा मात्र तसाच राहिला, कारण डोळे भरून आले होते. पुढे बरीच वर्षं दुसऱ्या हातांनी मला चालवलं, आणि एक दिवस कारखानाच बंद पडला. तेल आटलं. काच धुळीनं आंधळी झाली. आम्हा सगळ्यांना एका जुन्या सामानाच्या दुकानदारानं उचललं.

दुकानदार मनानं वाईट नव्हता. पण त्याच्याकडे पाण्याच्या पंपापासून छताच्या पंख्यापर्यंत सगळंच विकायला असायचं, शिवणातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं मला रंग फासला आणि तेलाचं नावही काढलं नाही.

एकदा एक शिंपी मला बघायला आला. बघता बघता त्यानं माझी सुई मोडली. बिचाऱ्यानं लगेच दुसरी बसवली, पण सवयीनं बसवली. सुईला एका बाजूनं उभी खाच असते, धागा त्या खाचेतून उतरतो. त्याच्या घरच्या मशीनमध्ये ती खाच समोर यायची आणि धागा समोरून ओवायचा. माझी खाच डावीकडे हवी, धागाही डावीकडून. त्यानं ती समोर केली. झालं! एक टाका पडे, दोन सुटत. शिंप्यानं नाक मुरडलं आणि गेला. दुकानदारानं माझ्या मानेला चिठ्ठी बांधली : 'टाका सोडते.'

मित्रांनो, त्यानंतर माझ्याकडे बघण्याआधी माणसं चिठ्ठी बघायची. कुणी हातसुद्धा लावायचं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो, सुई बघा सुई! पण मशीनला आवाज असतो, शब्द नसतात. वर्षभर ऐकून ऐकून शेवटी मलाच वाटू लागलं, असेल बाई, आपल्यातच खोट असेल.

अशात दोघी नणंदा-भावजया दुकानात आल्या. नणंद थोरली, चष्मेवाली, तोंडाची फटकळ. भावजय शांत, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती, आणि ती पिशवी तिनं छातीशी धरली होती.

"वन्सं, रंग तर छान आहे," भावजय म्हणाली.

"रंग काय बघतेस? लग्न लावायचंय का तिचं?" नणंद म्हणाली. मला ती तिथल्या तिथे आवडली.

दुकानदारानं हात जोडले. "ताई, खोटं कशाला बोलू? ही टाका सोडते. भंगारवाल्याची गाडी उद्या संध्याकाळी येतेय, त्यात हिला देणार आहे. तुम्ही पलीकडचा पंप बघता का?"

"पंपावर पँट शिवू का मी?" नणंद म्हणाली. मग भावजयीकडे वळून हळूच बोलली, "दाखव ते."

भावजयीनं पिशवीतून एक निळी पँट काढली. मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवलेली होती. ही पँट तिच्या लेकीची. घरच्या मशीननं चार पदरांच्या जाड जागी टाके सैल घातले होते. शाळेत उडी मारताना पँट फाटली आणि मैदानभर मुलं हसली. पोर घरी आली आणि म्हणाली, "आईनं शिवलेलं मी परत घालणार नाही." तेव्हापासून तीन आठवडे ती जुनी, आखूड झालेली पँट घालून शाळेत जात होती आणि मैदानात उतरत नव्हती.

"दुसऱ्यांची कामं एक वेळ जाऊ देत, वन्सं," भावजय म्हणाली. "पण माझ्याच लेकीचा माझ्या हातावरचा विश्वास उडालाय."



दुकानदार बटण दाबायला धावला. "चालवून तर बघा!"

"थांबा!" नणंद एवढ्या जोरात ओरडली की पंपसुद्धा दचकला असेल. "काच बघितलीत का? थेंब नाही तेलाचा. अशी कोरडी पळवून तिचं हाड मोडायचंय?"

"मग चमचाभर घालतो की. जेवणाच्या डब्याबरोबर आणलेलं गोडं तेल आहे माझ्याकडे."

नणंदेनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं बटणावरचा हात काढून घेतला.

मग तिनं उजवीकडचं चाक हातानं फिरवून पँटच्या शिवणीवर टाके घातले. एक पडला, दोन सुटले. भावजयीचा चेहरा उतरला. तिनं पँटची घडी घातली. "चला, वन्सं. नशिबात नाही." मी मनातल्या मनात हात टेकले.

पण नणंद उठली नाही. तिनं चष्मा पुसला, वाकली आणि सुईवरून नख फिरवलं. एकदा समोरून, एकदा डावीकडून. मग ती एकटीच हसायला लागली.

"अगं, हिची काही चूक नाही! घरच्या मशीनसारखी सुई बसवलीय कुणीतरी. मी अकरा वर्षं कारखान्यात काढली, पहिल्या दिवशी मीसुद्धा हाच घोळ घातला होता. मुकादम बाईंनी सगळ्यांसमोर झापलं होतं."

तिनं स्क्रू सैल केला, सुई वळवली, धागा डावीकडून ओवला, पँट पुन्हा सुईखाली घेतली आणि चाक हातानं फिरवलं. टक. टक. टक. एकही टाका सुटला नाही. चार पदरांच्या जाड गाठीवरसुद्धा नाही. दोघींनी दोन टोकं धरून शिवण ओढली, अगदी पाय रोवून ओढली. दुकानदारालाही ओढायला लावलं. शिवण हलली नाही.

"घ्या मग!" दुकानदार म्हणाला.

भावजय मात्र विचारात पडली. टेपनं तिनं माझं टेबल मोजलं, घरच्या जिन्याच्या वळणातून मी जाईन का याचा बोटांवर हिशेब केला, मोटरचा आवाज घरात कसा वाटेल ते विचारलं. मग म्हणाली, "हातानं चालली, पण धावते का ते बघितल्याशिवाय नेणार नाही. आणि तेलाशिवाय धावायला लावणार नाही. उद्या मशीनचं तेल घेऊन येते."

उद्या येते! मित्रांनो, हे वाक्य मी त्या दुकानात किती वेळा ऐकलंय म्हणून सांगू! बोलणारं एकही माणूस परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळ गेली, दुपार गेली. गाडी दाराशी लागली. दोघा हमालांनी मला टेबलावरून सुटं करायला पाना काढला. तेव्हा मला कॉलरवाल्या बाईंची फार आठवण आली.

"अहो, हात नका लावू तिला!" दारातून आवाज आला. भावजय धापा टाकत उभी होती, हातात बाटली. योग्य तेलासाठी तिनं पाच दुकानं पालथी घातली होती.

तिनं तेल ओतलं. पदरानं काच पुसली. मोटर सुरू केली, पायाखालची पट्टी हळूच दाबली, आणि कपड्याकडे न बघता आधी काचेकडे बघत राहिली. कितीतरी वर्षांनी माझ्या डोळ्यात तेल उडालं. "दिसतंय!" ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

आता मी तिच्या घरी खिडकीपाशी असते. पहिल्याच दिवशी निळी पँट पुरती शिवून झाली. लेक दारात उभी राहून बघत होती. तिनं पँट घातली, उकिडवी बसली, उठली. पुन्हा बसली. मग स्टुलावर चढून धपकन उडी मारली. आईनं डोळे मिटून घेतले होते.

"आई, उघड डोळे. काही नाही झालं," पोर म्हणाली. "उद्या हीच घालते. उद्या लांब उडी आहे."

मित्रांनो, कुणाच्या गळ्यात 'हे बिघडलंय' अशी चिठ्ठी दिसली, तर एवढंच करा, आधी सुई बघा. कधी कधी खोट त्याच्यात नसते, कुणीतरी सवयीनं त्याला उलटं जुंपलेलं असतं. आणि ज्याच्याकडून काम घेता, त्याला तेल द्या. वेळेवर द्या.

माझी चिठ्ठी अजून मानेलाच आहे. लेकीनं ती काढू दिली नाही. 'सोडते'वर काट मारून तिनं वर लिहिलंय, 'सोडत नाही'. आणि रोज शाळेत जाण्याआधी ती काच पुसते, वाकून बघते आणि आत ओरडून सांगते, "आई, तेल आहे गं! बस शिवायला."