स्कूटीचा पांगुळगाडा

"कट्टा पार माघं बांधू नको सुकन्या, पुढचं चाक हलकं होतंय," सासरे म्हणाले होते. मी त्यांना मामा म्हणते. "मामा, मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलंय, नांदेडच्या विष्णुपुरीहून," असं म्हणून मी हसले आणि तुरीच्या डाळीचा पन्नास किलोचा कट्टा स्कूटीच्या मागे बांधून निघाले. पुढे माझी अडीच वर्षांची लेक अक्षरा उभी. लातूरच्या आमच्या दुकानासमोरच चढ आहे. तिथं मूठ पिळली आणि पुढचं चाक उठलं. वीतभरच, आणि धप्पकन खाली टेकलं. अक्षरा खिदळत होती. दुकानाच्या पायरीवरून माझी नणंद ऋतुजा ओरडली, "वहिनी, लई भारी! अजून एकदा!"

आठ दिवसांत गोदामामागे तीच मला सापडली. तसाच कट्टा बांधून चाक उचलत होती, कोपर सोललेलं. मामांना सांगितलं असतं तर किल्ली गेली असती, आणि पोरगी दुसऱ्या कुणाच्या गाडीवर, भर रस्त्यात शिकली असती. म्हटलं, "करायचंच ना? मग मी सांगेन तसं."

इंजिनाच्या बाजूचे रोलर बदलून हलके घातले, म्हणजे सुटताना गाडी जोर धरते. कट्ट्याच्या जागी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळल्या. मागे पाइपाचा दांडा आणि त्याला पोती वाहायच्या ट्रॉलीची दोन चाकं. गाडी फार उभी झाली की ती जमिनीला टेकणार. वेल्डिंग मीच केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, अक्षराचा सुटला अन् गाडीला लागला पांगुळगाडा!"

शेवटी एक पिन बसवली. पिनेला लाल दोरी, दोरीचं दुसरं टोक ऋतुजाच्या मनगटाला. माणूस पडला की पिन निघते, इंजिन बंद.

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या पटांगणात ती तीनदा पडली. तिन्ही वेळा गाडी जागच्या जागी गप्प. चौथ्यांदा पुढचं चाक उठलं, मागची चाकं करकरली, आणि ऋतुजा तशीच, मागचा ब्रेक हलकेच दाबत, थेट भिंतीपर्यंत गेली.

मी वळले तर फाटकाशी मामा. आता किल्ली गेली, असंच वाटलं. ते गाडीजवळ गेले, वाकले, जोडावरून अंगठा फिरवला.

"वेल्डिंग कुणाचं हे?"

"माझं."

"धरून राहिलंय की," म्हणाले, आणि दुकानाकडं चालू लागले. त्या संध्याकाळी तीन गिऱ्हाइकांना त्यांनी सांगितलेलं मी आतून ऐकलं, "आमच्या सुनेनं केलीय गाडी."

आता ऋतुजा नांदेडला शिकते, मैदानात शो करते. मागच्या महिन्यात पांगुळगाडा काढून टाकला; लागतच नाही तिला. तिचे व्हिडिओ मी गल्लीभर दाखवत फिरते. पण फोनवर दोरीचं विचारलं की नुसतं "हाव वहिनी, हाव." आणि व्हिडिओत लांब बाहीखाली मनगट दिसत नाही. मी चार-चार वेळा थांबवून बघते.

तुम्ही नांदेडचे असाल तर रविवारी सकाळी विष्णुपुरीकडं चक्कर मारा. निळी स्कूटी, एका चाकावर. आधी टाळ्या वाजवा, दणकून. मग जवळ जाऊन तिला बाही तेवढी वर करायला सांगा. लाल दोरी दिसते का, बघाल ना?